पन्नासची लेन्स, अकरा महिने, रत्नागिरी: वापरानंतरचा अनुभव

ही लेन्स मी मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी घेतली होती. साखरपुडा आटपला की विकून टाकायची, असं ठरलं होतं. मावसबहिणीचं लग्न होऊन ती नांदायलाही गेली, लेन्स माझ्याकडेच आहे.

५० मिमी, एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त), सेकंडहँड, आठ हजार रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जवळपास प्रत्येक कॅमेरा कंपनीकडे ही लेन्स असते आणि सहसा त्यांच्या स्वस्त लेन्सांपैकी एक असते. मला जे सांगायचंय ते पन्नास या आकड्याबद्दल आहे. माझा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणारा भाग फुल फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा दीडपट लहान, म्हणून ही त्यावर फुल फ्रेमच्या ७५ मिमीसारखी वागते, समोरचं कमी मावतं. तीन मीटरवरून आडवी फ्रेम धरली तर रुंदीला जेमतेम १.४ मीटर आणि उंचीला मीटरभरसुद्धा मावत नाही. समोर माणूस असेल तर त्याचं डोकं घ्यायचं की पाय, हे आधीच ठरवावं लागतं.

समुद्रकाठच्या गावात अशी लेन्स घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं. मांडवीच्या धक्क्यावरून फोन वर केला की वाळू, लाटा, रत्नदुर्गाचा डोंगर, सगळं एका फोटोत बसतं. पन्नासमधून त्यातला एक तुकडा दिसतो. बरं, समुद्र मावत नाही तर निदान सूर्य तरी मोठा यावा? तोही नाही. ५० मिमीवर सूर्याचं बिंब फ्रेमच्या उंचीच्या साधारण चौतिसाव्या भागाएवढं येतं. म्हणजे टिकली. ऑक्टोबरात रोज संध्याकाळी जाऊन मी रोज तीच टिकली घेऊन घरी येत होते.

मग एकदा लेन्सचं टोपण हातातून निसटलं आणि घरंगळत भेळेच्या गाडीखाली गेलं. ते काढायला वाकले, वर बघितलं, तर मावळतीचा उजेड आडवा येऊन टोमॅटोच्या ढिगावर पडलेला. एकेका टोमॅटोची सावली शेजारच्या कांद्यावर. भेळवाला म्हणाला, “ताई, सूर्य तिकडे आहे.” या लेन्सने काढलेला माझा पहिला बरा फोटो तो. सूर्यास्ताचाच आहे, फक्त त्यात सूर्य नाही.

तिथून पुढे मी लेन्सशी भांडणं सोडलं. जे मावत नाही ते मावत नाही. मिऱ्याला ‘निसर्ग’ वादळात, जून २०२० मध्ये, येऊन लागलेलं ‘बसरा स्टार’ जहाज सगळ्या गावाने फोनवर काढलं. हाती पन्नास असती तर मला त्याचा फार तर गंज काढता आला असता. उक्षीला कातळावर कोरलेल्या भल्यामोठ्या हत्तीसमोरही ही लेन्स उपयोगाची नाही. एक पाय घ्यावा आणि गप्प घरी यावं.

पण मिरकरवाड्याला, मासेमारी बंदरावर, न्या. पहाटे बोटी लागायच्या वेळी तिथे इतकी गर्दी, इतका बर्फ, इतके क्रेट असतात की वाइड लेन्समध्ये नुसता गोंधळ येतो. पन्नास तो गोंधळ कापून टाकते. नऊवारीच्या काष्ट्यावर चिकटलेले खवले, क्रेटच्या भोकातून ठिबकणारं पाणी, जाळं शिवताना पायाच्या अंगठ्यात अडकवलेला दोर. एफ/१.८ ला मीटरभर अंतरावर फोकसमध्ये राहते ती पट्टी फक्त तीनेक सेंटिमीटरची. सुरुवातीला मी सगळं १.८ लाच काढायची, कारण आठ हजार त्याचेच मोजले होते! परिणाम असा, की बांगड्याचा डोळा लख्ख आणि बाकीचा बांगडा धुकट. आता एफ/४ च्या खाली क्वचित जाते. अख्खा बांगडा दिसला तर त्याच्या पाठीवर लांबीला धावणाऱ्या गडद रेघा दिसतात. तीस वर्षं बांगडा खाल्ला, हे कधी पाहिलं नव्हतं.

माणसांचं म्हणाल तर पन्नासने लांबून चोरून फोटो काढता येत नाही आणि अगदी तोंडाजवळही जावं लागत नाही. दोन-तीन मीटरचं अंतर, म्हणजे बोलायचंच अंतर. विळीवर मासे कापून देणाऱ्या एका मावशींनी पहिल्याच दिवशी सुनावलं, “फोटू काढून काय खाणार? घ्यायचं तर घे, नाय तर बाजूला हो, गिऱ्हाईक येतंय.” घेतले अर्धा किलो. नंतर दर आठवड्याला घेत गेले. लेन्सच्या किमतीत हे धरलं पाहिजे.

वाळूबद्दल एक उपयोगाचं. आमच्याकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र आणि मांडवीच्या बाजूला काळा. वाळूच तशी. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला मात्र सगळं जग मधल्या करड्या रंगाचं करायचं असतं. पांढऱ्या वाळूला तो मळकट करतो, काळीला राखेसारखी फिकट. म्हणून पांढऱ्या समुद्रावर एक्स्पोजर एक स्टॉपने वर (म्हणजे दुप्पट उजेड), मांडवीला एकने खाली (म्हणजे निम्मा). हे कळेपर्यंत माझ्या फोटोंत दोन्ही किनारे सारखेच दिसत होते.

ओल्या वाळूवरची नक्षी हवी तर भाट्याला ओहोटी गाठायची. त्यासाठी ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा आणि सहा तास पुढे मोजले की ओहोटी. हे मला शिकवलं आईने, जी आयुष्यात कधी बोटीत बसलेली नाही.

सगळ्यात जास्त फोटो मात्र मी समुद्रावर काढलेच नाहीत. ते आहेत आमच्या माजघरातले. छपरात एक काचेचं कौल आहे, त्यातून कवडसा पडतो. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, तेव्हा कवडसा सरळ कौलाखाली, आंब्याच्या अढीवर. पेंढ्यातून दोन-चार हापूस वर आलेले आणि नेमका त्यांच्यावरच उजेड. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून तोच कवडसा सरकत उत्तरेच्या भिंतीशी जातो. छप्पर उंच असलं तर हा फरक तीन मीटरच्याही वर जातो. मी महिन्यातून एकदा, एकाच जागी स्टूल ठेवून, भर दुपारी बारा-साडेबाराला तो काढत गेले. जूनमध्ये ढगांमुळे दांडी. त्याआधी जानेवारीत मोठ्या उत्साहाने आईला तोवरचे फोटो ओळीने दाखवले. ती म्हणाली, “मग? थंडीत तो भिंतीला लागला की मी कुकर चढवते.” एवढं म्हणून ती उठली, कारण कुकर चढवायचा होता.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. कमी उजेडात फोकस मागेपुढे चाचपडत राहतो आणि मोटर कुरकुरते. पाणी चमकत असेल तर १.८ ला चमकीच्या कडेला जांभळी झालर येते, २.८ ला बरीच कमी होते. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत फोकसच होत नाही, त्यामुळे खेकड्याने बिळाबाहेर मांडलेल्या वाळूच्या गोळ्या मला हव्या तेवढ्या जवळून कधी मिळाल्या नाहीत. संरक्षणासाठी लावलेल्या यूव्ही फिल्टरमुळे पहाटे बंदरावरच्या दिव्यांची भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं, फोटोत उलट्या बाजूला दिसायची. हल्ली अंधारात फिल्टर काढूनच ठेवते. फोकसच्या रिंगमध्ये वाळूचा एक कण गेलाय, तो करकरतो. निघत नाही, मीही आता शोधत नाही.

पावसाळ्याचं वेगळं लिहावं लागेल. कोकणात लेन्स वापरून खराब होत नाही तेवढी ठेवून होते. माझी जुनी झूम लेन्स चामड्याच्या पाउचमध्ये कपाटात राहिली आणि काचेवर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. चूक माझीच, चामडं ओल धरतं. पन्नास मी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवली, आत दोनशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं यंत्र. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परतायचे, परत निळे होतात. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याचा सल्ला सगळे देतात, त्याची पूड काचेत जाते, नका ठेवू. किनाऱ्यावरून आलं की आधी किंचित ओल्या फडक्याने खार पुसायचा, मग कोरड्याने. कोरडंच घासलं तर मिठाचे कण ओरखडे काढतात.

जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी झापांखाली. तेव्हा बाहेर फोटो काढण्यासारखं काही नसतं असं मी समजत होते. दोन महिने आमच्या गडग्याचे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचे, चिरे फोटोत काढले. तांबडा चिरा, त्यावर आधी काळपट पापुद्रा, मग शेवाळ, मग नेचा. रोज बघितलं तर काहीच बदलत नाही, आठवड्याने बघितलं तर ओळख लागत नाही.

कुणी घ्यावी? फिरायला येणाऱ्याने घेऊ नये, दोन दिवसांत चिडून परत जाल. गावातच राहणाऱ्याने घ्यावी, सेकंडहँडच घ्यावी, आणि काचेवर आत बुरशी नाही ना हे टॉर्च मारून बघावं.

ऑगस्टात बंदी उठल्यावर मावशींना त्यांच्या फोटोची प्रिंट नेऊन दिली. फोटोत त्या मान खाली घालून सुरमई कापतायत, चेहऱ्यावर बर्फाचा उजेड. त्यांनी हात पदराला पुसले, प्रिंट लांब धरली, जवळ आणली. म्हणाल्या, “विळीला धार नव्हती बघ तेव्हा.” मग शेजारणीला दाखवली, तिलाही ते पटलं.