प्रीएक्लॅम्प्सिया ओळखायला सीबीसीतलं गुणोत्तर की वारेची चाचणी?

प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा गंभीर आजार. गरोदरपणात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची मोजणी, होतेच. त्याच रिपोर्टवरून एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर, काढता येतो: न्यूट्रोफिल ८०००, लिम्फोसाइट २००० असतील तर ४. वेगळी सुई नाही, वेगळा खर्च नाही. प्रीएक्लॅम्प्सियात शरीरभर दाह वाढतो, म्हणून हा आकडा अनेकदा चढलेला दिसतो.

पण इथेच पंचाईत आहे. न्यूट्रोफिल निरोगी गरोदरपणातही वाढतात. लघवीतला साधा जंतुसंसर्ग, बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, प्रसूतीच्या कळा, कशानेही आकडा उसळतो. दाह दाखवणाऱ्या सीआरपी या रक्तातल्या घटकाचंही तेच, त्यात वजन जास्त असेल तर तो आधीच वर असतो. दाह आहे एवढं कळतं. कशामुळे, ते कळत नाही.

दुसरी चाचणी थेट वारेची खबर देते. आजारी वार एसएफएलटी-१ हे प्रथिन जास्त सोडते. ते रक्तवाहिन्यांना जपणाऱ्या पीएलजीएफ या प्रथिनाला अडवून धरतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉग्नोसिस अभ्यासात या दोघांचं गुणोत्तर ३८ किंवा कमी असलेल्या, आजाराचा संशय असलेल्या स्त्रियांमध्ये पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होणार नाही, हा अंदाज ९९.३ टक्के खरा ठरला. घाबरलेल्या बाईला घरी पाठवताना डॉक्टरांना असाच आधार लागतो. मात्र आकडा ३८च्या वर गेला म्हणजे आजार होणारच, असं नाही.

शंका असेल आणि सोय असेल, तर मी दुसरीच निवडेन. एनएलआर फार तर इशारा मानावा. रक्तदाब १४०/९० असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर एनएलआर चांगला आला म्हणून घरी थांबू नका.