थंडीत कुठलं छत बरं, हिरवं की साधं?
कॅनडात ओटावाच्या सरकारी संशोधन संस्थेनं एकाच इमारतीवर शेजारीशेजारी दोन छतं केली, एक नेहमीचं सपाट आणि दुसरं तसंच पण वर 15 सेंमी माती आणि झाडं, आणि 2000 ते 2002 मोजत राहिले. हिरव्या छतानं आत येणारी उष्णता 95% कमी केली, जबरदस्तच, पण बाहेर जाणारी फक्त 26%. कारण उन्हाळ्यात सावली आणि बाष्पीभवन कामाला येतं, हिवाळ्यात उरते नुसती माती, ती ओली असताना गोठली की उष्णता सहज जाऊ देते, आणि त्यावर जाड बर्फ साचला की दोन्ही छतं जवळपास सारखीच, बर्फच गोधडीचं काम करतो. त्यामुळे फक्त हीटिंगचं बिल कमी करायचं असेल तर आधी इन्सुलेशन, म्हणजे छतातला उष्णता अडवणारा थर, वाढवा.