आरंभीच्या दीर्घिकांतली तारानिर्मिती: मोठी पेटी की झूम?

जेम्स वेब दुर्बिणीला ताम्रसृती (प्रकाश किती ताणला गेला याचं माप; जितकी जास्त, तितका काळ जुना) १० च्या पलीकडे दिसलेल्या दीर्घिका अपेक्षेहून तेजस्वी निघाल्या. त्यावर सिम्युलेशन करायचं असेल, तर कोडआधी प्रश्न ठरवा: अशा दीर्घिका किती आहेत हे हवंय, की त्यांच्यात तारे कसे जन्मतात हे?

‘किती’साठी मोठी पेटी, म्हणजे विश्वाचा मोठा घनाकृती तुकडा. टीएनजी या सिम्युलेशन-मालिकेतल्या टीएनजी५० ची बाजू सुमारे ५२ मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं), टीएनजी३०० ची सुमारे ३००. दोन्हींचा डेटा खुला आहे. पायथन येत असेल तर नवी रन (सिम्युलेशन चालवणं) न करताच काम सुरू होतं. मात्र टीएनजी५० मध्येही वायूचा एक घटक ८५,००० सूर्यांइतका जड असतो. घनसेंटिमीटरमागे हायड्रोजनचे साधारण ०.१ अणू ही घनता ओलांडली, की थंड आणि तप्त वायूसाठी एकच सरासरी समीकरण वापरलं जातं. म्हणून ताऱ्यांचा जन्मदर संथ, गुळगुळीत दिसतो. हा गुळगुळीतपणा मॉडेलमधूनच येतो. त्यावरून तारानिर्मितीचे उद्रेक होत नाहीत असा निष्कर्ष काढू नका.

‘कसे’साठी झूमच घ्या, म्हणजे एकाच दीर्घिकेचा भाग बारीक तपशिलात चालवा. फायर-२ या झूम-मॉडेलमध्ये तारा बनायला घनता घनसेंटिमीटरमागे १,००० अणूंच्या वर लागते आणि वायू स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेला असावा लागतो. सुपरनोव्हा वायू बाहेर फेकतात, तारानिर्मिती थांबते, वायू परततो, पुन्हा उद्रेक होतो. काही दीर्घिका नेमक्या उद्रेकाच्या वेळी दिसल्यानेच तेजस्वी वाटत असतील, ही शक्यता तपासायला झूम उपयोगी पडतो. तोटा एकच, पण मोठा: हाती चार-दोन हॅलो (दीर्घिकांभोवतीचे कृष्णद्रव्याचे गोळे) येतात, लोकसंख्या नाही.

झूमसाठी आधी फक्त कृष्णद्रव्याची रन करा, हॅलो निवडा, त्याचे कण सुरुवातीपर्यंत मागे न्या आणि तेवढाच भाग म्युझिक या सुरुवातीची स्थिती बनवणाऱ्या कोडने बारीक करा. हॅलोत बारीक न केलेल्या भागातले जड कण घुसले, तर तो भाग वाढवून पुन्हा सुरुवात करा.

सर्वाधिक घोळ सुपरनोव्हात होतो. १०^५१ अर्गची ऊर्जा सिम्युलेशनच्या जाड्या, घन पेशीत (जाळीच्या घरात) नुसती उष्णता म्हणून टाकली तर ती लगेच प्रारणातून निघून जाते आणि तारे भरमसाट बनतात. शीतन-त्रिज्या (स्फोटाची ऊर्जा प्रारणातून निघून जाईपर्यंत तो जितका पसरतो ते अंतर) पेशीहून लहान असेल, तर संवेग द्या. ताम्रसृती १० ला पार्श्वप्रारण (महास्फोटातून उरलेलं प्रारण) ३० केल्विन असतं. तापमानाचा तळ तिथेच ठेवा. तेव्हा विश्वाचं वय जेमतेम ४७ कोटी वर्षं असतं, म्हणून स्नॅपशॉट (सिम्युलेशनच्या ठरावीक क्षणांच्या नोंदी) १ कोटी वर्षांहून दूर नकोत. नाहीतर उद्रेक मधल्या मध्ये निसटतात.

गिझ्मो या सिम्युलेशन-कोडच्या खुल्या आवृत्तीत फायरचं भौतिकशास्त्र नाही, ते स्वतः लिहावं लागेल. प्रारण महत्त्वाचं असेल तर रॅमसेस-आरटी हा प्रारणाचा प्रवासही मोजणारा कोड बरा. त्यात प्रकाशवेग शंभरपट कमी करून वेळ वाचवता येतो. दीर्घिकेच्या आत ते चालतं, पण दीर्घिकांमधल्या पोकळ्यांचं पुनर्आयनीभवन (तिथल्या वायूचे अणू पुन्हा आयनित होणं) मोजताना चालत नाही.