प्रोजेक्टरचे आठ महिने: सिनेमे, उकाडा आणि चार चादरी

दिवाळीत घेतलेला प्रोजेक्टर आता आठ महिन्यांचा झाला. ‘घेऊ का रे?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही. या किमतीतले तीन-चार मी पाहिले, मला तरी डबा सोडला तर फारसा फरक दिसला नाही.

आधी खरेदीचं. किंमत १६,०००. डब्यावर ‘९,००० लुमेन’ असं ठसठशीत छापलंय. तो आकडा वाचून मी भुललो, तुम्ही भुलू नका. विचारायचं ते एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड. तो आकडा डब्यावर नसेल तर सांगण्यासारखा नसावा असं समजून चालायचं. तसंच ‘४के सपोर्ट’चं. म्हणजे ४केची फाइल हा आत घेतो, पण भिंतीवर टाकतो १०८०पीच, म्हणजे त्याहून कमी बारकाव्याचं चित्र. हे मी नंतर जाऊन दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “साहेब, सपोर्ट म्हटलंय, दाखवतो कुठं म्हटलंय?” यावर काय बोलणार.

आमची खोली जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधली, दहा बाय बारा. लेन्सपासून भिंत साडेनऊ फूट आणि चित्र साधारण १०० इंचांचं. पहिला आठवडा पांढऱ्या चादरीवर काढला. सोलापूरकर आणि चादर म्हटल्यावर हसू नका, ही साधी डबलबेडची पांढरी चादर होती. जकार्ड मागावर विणलेल्या आपल्या नक्षीदार चादरीवर सिनेमा लावला तर नटीच्या गालावर वेलबुट्टी उमटायची. तर ती पांढरी चादर इतकी पातळ की निम्मा उजेड आरपार, आणि पंखा लावला की सगळे कलाकार पोटातून हलायचे. शेवटी भिंतीला पांढरा मॅट रंग दिला. चकाकणारा रंग देऊ नका, मध्यभागी उजेडाचा गोळा दिसतो. आमच्या गवंड्यानं थापी कुठं कुठं फिरवली नाही हेही आता मला पाठ झालंय, कारण पडद्यावर आकाश आलं की उजव्या कोपऱ्यात एक पोपडा ढगासारखा तरंगतो.

पहिला सिनेमा मोठ्या हौसेनं लावला ‘तुंबाड’. २०१८ला आला तेव्हा चुकला होता. २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला तेव्हा थिएटरात पाहिला आणि डोक्यात बसला. तो पाऊस, कंदिलाच्या उजेडात निम्माच दिसणारा वाडा, आणि शेवटी ते लालभडक गर्भागार. म्हटलं, मशीनची परीक्षा यावरच घ्यायची. मशीन सपशेल नापास. जिथं अंधार हवा तिथं राखाडी धूर. वाड्याच्या कोपऱ्यात काय आहे याची भीती वाटायची ती कोपऱ्यात काहीच नाही हे दिसत असल्यामुळं वाटेना. हस्तर, म्हणजे त्यातला राक्षस, आला तेव्हा माझा मित्र शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मोडत म्हणाला, “का बे, हा पिच्चर हाय का एक्सरे?” माझे १६,००० गेले असंच त्या रात्री वाटलं.

मग आईसाठी ‘लापता लेडीज’ लावला, आणि तेच मशीन एकदम शहाणं झालं. कारण त्या सिनेमात भरपूर ऊन आहे. शेतं, रेल्वेचा डबा, फलाट, लाल घुंगट. उजेडातली माणसं स्वस्तातला प्रोजेक्टरही नीट दाखवतो. शंभर इंचांवर फलाटावरची ती चहाची टपरी आली आणि आई पुढं सरकून बसली. “ही ‘सैराट’मधली डोशावाली नव्हं का?” बरोबर ओळखलं. छाया कदम. तिथं हैदराबादेत डोशाची गाडी, इथं स्टेशनवर चहा आणि ब्रेडपकोडा, आणि दोन्हीकडं घर सुटलेल्या पोरीला आधार देणारी बाई तीच. मला स्वतःला सिनेमा जरा जास्तच गोड वाटला, सगळ्यांचं सगळं वेळेवर जुळून येतं. पण रवी किशनचा पान चघळणारा इन्स्पेक्टर शेवटपर्यंत कुठल्या बाजूला झुकेल याचा पत्ता लागू देत नाही, त्यानं तोल राखला. आईला मात्र जराही गोड वाटला नाही. तिचं म्हणणं, “गावाचं नाव माहीत नसलेल्या सुना आम्ही पाहिल्यात.”

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधीच्या रविवारी, मंगळवेढ्याकडं मित्राच्या शेतात हुरड्याला गेलो. प्रोजेक्टर बरोबर घेतला, इन्व्हर्टरवर लावला, शेतातल्या खोलीच्या भिंतीवर दुहेरी कापड ताणून बांधलं. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. आगटी विझवली, आणि मी हट्टानं पुन्हा ‘तुंबाड’ लावला. मशीन तेच, फाइल तीच, पण वाडा काळा. थिएटरातल्याइतका नाही, पण काळा. कंदील पुढं सरकला की मागचा अंधार खरोखर मिटत होता. हुरडा चोळणारे हात थांबले. एक्सरेवाला मित्र बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “घरी हेच मशीन होतं का?”

परतताना गाडीत उलगडा झाला. घरी पडद्यावरचा उजेड बाजूच्या फिक्या पिवळ्या भिंतींवर आणि छतावर आदळून परत पडद्यावर येतो आणि काळ्याची राख करतो. शेतात आदळायला काही नाही, ज्वारी सोडली तर. म्हणजे निम्मा दोष मशीनचा आणि निम्मा आमच्या रंगाऱ्याचा. घरी आल्यावर ट्रंक उघडली. लग्नातल्या आहेराच्या चादरी, घडीसुद्धा न मोडलेल्या. त्यातल्या चार गडद निवडल्या, दोन निळ्या, एक मरून, एक काळ्यावर लाल नक्षीची. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खिडकीच्या पडद्यांच्या असतात तशा दांड्या ठोकून त्यावर टांगल्या. बायको म्हणाली, लग्नाचा मांडव वाटतोय. वाटू दे. काळा रंग निम्म्यानं सुधारला, आणि अपेक्षा नसताना आवाजही. आधी खोलीत टाळी वाजवली की घणघणायची, आता टाळी तिथंच मरते. जाड सुती कापड आवाज पिऊन टाकतं. घरातच पडून असलेल्या चादरींनी जे केलं ते मशीनच्या मेनूतल्या एकाही सेटिंगनं केलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या चादरी विणणाऱ्या गावात राहून हे सुचायला तीन महिने लागले.

आवाजाबद्दल आणखी थोडं. प्रोजेक्टरमधला स्पीकर विसरून जा. मी आधी ब्लूटूथ स्पीकर जोडला तर ओठ आधी आणि शब्द नंतर. साध्या ऑक्स वायरनं जुना स्पीकर सेट जोडला, काम झालं. आतलं ओटीटी ॲपही कुरकुर करत होतं, चित्र फुटायचं. वेगळी टीव्ही स्टिक लावली. म्हणजे १६,००० नाही, २०,००० धरून चाला. चित्र तिरकं येत असेल तर रिमोटवरून कीस्टोन (तिरकं चित्र चौकोनी करणारं सेटिंग) दाबत बसू नका, चित्राचा तपशील जातो. मशीनच सरळ समोर ठेवा.

चादरी लावल्यानंतरचा पहिला सिनेमा ‘श्यामची आई’, सुजय डहाके यांचा २०२३चा, कृष्णधवल. लावला तर कृष्णधवल कुठला, निळाधवल. या एलईडी मशीनचा पांढरा मूळातच थंड, रंगीत सिनेमात खपून जातो, इथं उघडा पडला. कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ केलं तेव्हा कुठं चेहरे माणसांचे झाले. आईनं अत्र्यांचा १९५३चा पाहिलेला, त्यामुळं तुलना ठरलेली. तिच्या मते जुन्यातल्या वनमालाबाई आधी आई होत्या, मग नटी. मला नवा दिसायला फार आवडला, पण प्रत्येक चौकट आपण सुंदर आहोत हे ओळखून उभी असल्यासारखी वाटते. कोकणातलं ते घर इतकं देखणं की दारिद्र्य दिसतच नाही. ओम भूतकरचे साने गुरुजी मात्र पटले. मनात पाल चुकचुकत असतानाच खरोखरची पाल पडद्यावर आली, उजेडाच्या किड्यांमागं, आणि ऐन हळव्या प्रसंगात श्यामच्या कपाळावरून सावकाश पलीकडं गेली. सहा वर्षांच्या भाचीला तेवढाच प्रसंग लक्षात राहिला.

‘नाळ’ शेजारच्या अण्णांबरोबर पाहिला. अण्णा सोलापूरच्याच पूर्व भागातून, तेलुगू वस्तीतून, इकडं राहायला आलेले, घरात तेलुगू, बाहेर मराठी. दिग्दर्शकाचं नाव सुधाकर रेड्डी यक्कंटी असं आलं तसे ताठ बसले, “आपला माणूस!” मी सांगितलं की ‘सैराट’चा कॅमेराही याचाच, तर म्हणाले, “मग नाव घेऊन सांगायचं की आधी.” सिनेमा अप्रतिम, यावर मतभेद नाहीत. त्यातल्या छोट्या चैत्याच्या डोळ्यांतलं कुतूहल हळूहळू संशयात कसं बदलतं ते मोठ्या पडद्यावरच पाहावं, फोनवर नाही.

आता न जमलेल्या गोष्टी. ‘छावा’ गेल्या वर्षी थिएटरात पाहिला तेव्हा आख्खं थिएटर गर्जत होतं. घरी पुन्हा लावला तर तो सिनेमा निम्मा प्रेक्षकांचाच होता हे कळलं. लढाया घरी नुसत्या लांब वाटतात. अक्षय खन्नाचा औरंगजेब तेवढा टिकला, कारण तो कमी बोलतो. शेवटच्या छळाच्या भागात बायको उठून स्वयंपाकघरात गेली ती आलीच नाही. असे सिनेमे थिएटरातच पाहावेत. ‘दशावतार’ही मी तिथंच पाहिला होता. दिलीप प्रभावळकरांसाठी दोनदा पाहीन, पण मालवणी ऐकताना आमच्यासारख्या सोलापूरच्या कानाला पहिली वीस मिनिटं शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ विचारण्यात जातात, आणि उत्तरार्ध आवरायला हवा होता.

मार्चमध्ये पडद्याच्या मध्यावर हिरवट डाग दिसायला लागला. आत धूळ शिरली. बऱ्याच स्वस्त मशीनचा आतला भाग सीलबंद नसतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही. सर्व्हिस सेंटर गावात नाही, कुरिअरनं पाठवा म्हणाले. १९ दिवसांनी परत आलं, डाग गेला, रिमोट आला नाही. वेगळा मागवावा लागला.

आणि उकाडा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर गेला की हे मशीन स्वतःच चुलीसारखं तापतं. त्याचा पंखा, वर छताचा पंखा, खिडकीत कूलर. संवाद ऐकूच येत नाहीत. मराठी सिनेमा इंग्रजी सबटायटल लावून पाहायची वेळ आली. रात्री दहाच्या आत मशीन लावायचं नाही असा नियमच केला.

असाच मेमध्ये एका रात्री ‘सैराट’ लावला. करमाळ्याचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, आणि रिंकू अकलूजची, त्यामुळं घरात प्रत्येकाला तो आपण बनवल्यासारखा वाटतो. २०१६ला थिएटरात गाण्यांवर लोक नाचले होते. घरी कूलरच्या घरघरीत गाणी निभावली. पण शेवटची ती मिनिटं जवळ आली तसा मी उठलो, कूलर बंद केला, पंखा बंद केला. कुणी विचारलं नाही का म्हणून. सिनेमातला सगळा आवाज जातो तिथं खोलीत फक्त प्रोजेक्टरचा पंखा राहिला, बारीक घर्र घर्र. तो माझ्या हातात नव्हता. घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि भिंतीवर ते लहान मूल चालत होतं. नावं संपेपर्यंत कूलर लावायला कुणी उठलं नाही.

घ्यावा का? टीव्ही चांगला असेल आणि खोलीत दिवसा अंधार होत नसेल तर घेऊ नका. रात्रीचे प्रेक्षक असाल, घरात चार माणसं एकत्र बसत असतील आणि भिंतींवर चादरी टांगायची लाज वाटत नसेल तर घ्या, पैसे वसूल आहेत. आमचे झाले, बहुतेक.

सध्या मात्र सिनेमा बंद आहे. परवा नळाला चार दिवसांनी पाणी आलं तशी आईनं आधी त्या चारही चादरी धुवायला काढल्या. भिजलेली सोलापुरी चादर उचलायला दोन माणसं लागतात, आणि वर आभाळ भरून आलेलं. गॅलरीत टांगल्यात, अजून ठिबकतायत.