अ‍ॅप आमचं, खातं त्यांचं

नोकरी सांभाळून संध्याकाळी स्वतःचं काहीतरी उभं करू पाहणारे नागपुरात खूप आहेत. त्यातल्या ज्यांना कोड लिहिता येत नाही आणि जे एखाद्या कंपनीकडून अ‍ॅप करून घेणार आहेत, त्यांनी अ‍ॅडव्हान्स देण्याआधी हे वाचावं.

प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, नंदनवन, हिंगणा रोड या भागांत विद्यार्थ्यांच्या भरवशावर चालणाऱ्या घरगुती मेस आहेत. माझी मावशी अशीच एक चालवते. आज किती पोट्टे जेवायला येणार याचा अंदाज चुकला की पोळ्या उरतात, नाहीतर ऐन वेळी पुन्हा कुकर लावावा लागतो. 'आज डबा नको' हे मुलांनी सकाळीच फोनवरून कळवावं, खाडे आपोआप वजा व्हावेत आणि महिन्याचे पैसे तिथेच भरता यावेत, एवढंच अ‍ॅप मला हवं होतं. खाडे कसे मोजायचे, सणाच्या जेवणाचं काय, अर्ध्या महिन्यात सोडून जाणाऱ्याचा हिशेब कसा, हे सगळं मी ऑफिसातून आल्यावर मावशीच्या स्वयंपाकघरात बसून लिहून काढलं.

वर्धा रोडवरच्या एका कंपनीने ९०,००० रुपयांत काम घेतलं. अ‍ॅप चांगलं झालं, हे सांगायलाच हवं. दगा लॉन्चच्या वेळी झाला.

कॉलेजं सुरू होण्याच्या तोंडावर त्यांचा माणूस म्हणाला, "ताई, तुमच्या नावाने प्ले स्टोअरचं खातं काढलं तर गूगल बारा टेस्टर मागतं, चौदा दिवस चाचणी मागतं. अ‍ॅडमिशनचा सीझन निघून जाईल. आमचं जुनं खातं आहे, त्यातून लगेच टाकू. मग तुमच्या नावावर करून देऊ."

मी नियम तपासला आणि तो खरा निघाला. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना ही अट आहे. आधी २० टेस्टर लागत, डिसेंबर २०२४ पासून १२ लागतात. नियम खरा निघाल्यामुळेच त्याच्या पुढच्या बोलण्यावर विश्वास बसला. खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागतात आणि टेस्टर म्हणजे साधे वापरणारे लोक असतात, हे मात्र त्याने सांगितलं नाही. मावशीकडे जेवणारी मुलंच टेस्टर म्हणून पुरली असती.

याच पद्धतीने डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा पत्ता, त्यांच्या नावावर गेलं आणि ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवेही. "गेटवेला कंपनी रजिस्टर लागते, तोवर पैसे आमच्याकडे येतील, दर सोमवारी वळते करू." हे तर धडधडीत खोटं होतं. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायालाही गेटवे मिळतो. पॅन, बँक खातं आणि व्यवसायाचा पुरावा लागतो. असा पुरावा म्हणून चालणारी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते.

सुरुवातीचे सोमवार पैसे बरोबर आले. ते पाहून आसपासच्या मेसही अ‍ॅपवर आल्या. मग महिन्याच्या फीच्या तारखा आल्या, रक्कम मोठी झाली आणि सोमवार कोरडे जाऊ लागले. आधी बँकेची अडचण, मग जीएसटीची, आणि शेवटी एक बिल: 'हस्तांतरण शुल्क' १,५०,००० रुपये, नाहीतर अ‍ॅप बंद.

मेस चालवणाऱ्या बायकांचा किराणा उधारीवर येतो, दुकानदार महिना संपला की पैसे मागतो. नंदनवनच्या एक काकू घरी आल्या आणि म्हणाल्या, "पोरं तर भरले म्हणतात, मंग माझे पैसे गेले कुठं?" मी साठवलेल्या पैशांतून त्यांचे आणि इतरांचे दिले. माझे नव्वद हजार गेले त्यापेक्षा मला याचा संताप जास्त आहे. पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या बाईचे पैसे अडवून त्यांनी माझ्याकडे खंडणी मागितली.

त्यांची एवढी हिंमत का होते, तेही समजून घ्या. प्ले स्टोअरवर अ‍ॅपची ओळख म्हणजे त्याचं पॅकेज नेम. एकदा प्रकाशित झालं की ते बदलत नाही, आणि दुसऱ्या खात्यात न्यायचं तर मूळ खातेदारानेच हस्तांतरण करावं लागतं. त्यामुळे इन्स्टॉल, रिव्ह्यू, सगळं त्यांच्या मुठीत राहतं. कोडचंही तसंच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार बाहेरच्याकडून करून घेतलेल्या कोडची पहिली मालकी साधारणपणे लिहिणाऱ्याचीच राहते. कलम १९ प्रमाणे ती तुमच्याकडे यायला सहीचा लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरली जातात. आमच्या वर्क ऑर्डरमध्ये 'सोर्स कोड दिला जाईल' एवढंच होतं. मालकीबद्दल अक्षर नव्हतं.

वकिलांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. अ‍ॅपचा वाद दिवाणी, तो रेंगाळणार. पण मेसची फी घेऊन ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघात होतो. म्हणून तक्रारीत फीचा मुद्दा पहिला घेतला: यूपीआयचे व्यवहार क्रमांक, सोमवारी आलेल्या रकमा, 'दर सोमवारी वळते करू' हा त्यांचाच मेसेज. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आमच्या बाबतीत वेळ उलटून गेली होती. नोटीस गेल्यावर फीचा बराचसा भाग परत आला. अ‍ॅप आलं नाही.

आता अ‍ॅप नव्याने उभं केलं आहे. डोमेन, गेटवे, कोड जिथे साठवतात ती रिपॉझिटरी, प्ले स्टोअरच्या खात्याचा कारभार जिथून चालतो ते प्ले कन्सोल, सगळं माझ्या नावावर. डेव्हलपरला प्ले कन्सोलमध्ये मर्यादित परवानगी देऊन आत घेता येतं, त्यामुळे 'आमच्याच खात्यातून करावं लागतं' असं कुणी म्हटलं तर तिथेच उठा. बारा टेस्टर मेसमधलेच झाले.

जुनं अ‍ॅप अजून प्ले स्टोअरवर आहे, आमच्या मुलांनी लिहिलेल्या रिव्ह्यूंसकट. मेसच्या दारांवरचे जुने क्यूआर कोड आम्ही काढले आहेत, पण एखादा राहिलाही असेल. तुम्ही या भागात जेवत असाल तर स्कॅन करण्याआधी काकूंना विचारा की पैसे कुणाच्या नावावर जातात.