कोकोसाठी एआय: मोबाईलचा फोटो की सॅटेलाइटचा नकाशा?

गोव्यात फोंडा-सत्तरीकडे कुळागरात, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागेत, पोफळीखाली कोको लावायचा विचार असेल तर आधी एक बघा, कोकोतलं एआय म्हणजे एकच गोष्ट नाय. एक मोबाईलवालं, फळाचा फोटो काढला की ॲप सांगतं काळी कूज (फळ काळं पडून सडवणारा रोग) आहे का. दुसरं सॅटेलाइटवालं, ते वरून बघतं बाग जंगल तोडून केलीय का.

सॅटेलाइटचा जोर युरोपच्या कायद्यामुळे, 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा कोको तिथे विकायचा नाही असा तो नियम (अंमलबजावणी पुढे ढकलत चाललीय ते सोडा), आणि जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट नि घानाचा, तिथे लाखो छोटे शेतकरी, मग प्रत्येक बागेत चालत जाऊन कोण तपासणार? पण सावलीतला कोको वरून जंगलासारखाच दिसतो, तिथे हे एआय गंडतं. आपल्याकडे तर वर माड-पोफळी, मध्ये केळी, मिरीचे वेल... ते बिचारं काय ओळखणार!

मला फोटोवालं जास्त कामाचं वाटतं. काळी कूज फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे येते, म्हणजे पोफळीच्या कोळेरोगाचीच भाऊबंद, पावसात झपाट्याने पसरते. फक्त डाग दिसेपर्यंत थोडा उशीर झालेलाच असतो, आणि ॲप काय रोग मारत नाय, सडकी फळं तोडून बागेबाहेर न्यायचं नि बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारायचं काम आपलंच. रेंज नसेल तर ऑफलाइन चालणारंच घ्या. युरोपला माल पाठवायचा नसेल तर नकाशाच्या नादाला आत्ता लागू नका.