व्हील बेरिंग घरी बदलायचंय : किट, प्रेस की लेथवाला?

व्हील बेरिंग म्हणजे चाक मोकळं फिरू देणाऱ्या, गोळ्यांच्या किंवा रोलरांच्या रिंगा. ते बदलायचं किट म्हणून जो भलामोठा डबा ऑनलाइन दिसतो, तो मागवण्याआधी आपल्या गाडीत बेरिंग कसं बसवलंय ते बघून घ्या. अनेकांना तो डबा लागतच नाही. जुन्या बोलेरोच्या पुढच्या हबात (ज्यावर चाक बोल्टांनी बसतं त्या मधल्या भागात) दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची) बेरिंगं असतात. ती काढायला हातोडा, पितळी दांडा आणि नेहमीचे पाने पुरतात. कसब लागतं ते नट किती आवळायचा यात. काही नव्या, मोठ्या गाड्यांत हब आणि बेरिंग मिळून एकच भाग येतो, तीन-चार बोल्टांवर नकलला (चाकामागच्या, हब धरून ठेवणाऱ्या ओतीव भागाला) बसवलेला. तिथे प्रेस करायचं (यंत्राने दाबून बसवायचं) काहीच नसतं. बोल्ट काढले की हब हातात, निदान घाटावर तरी. आमच्याकडे किनाऱ्यावर तो गंजून नकलला धरून बसतो.

डोकं चालवावं लागतं ते तिसऱ्या जातीत, आणि कोकणात घरोघरी उभ्या असलेल्या अल्टो, वॅगनआर, स्विफ्टची पुढची चाकं याच जातीची. बेरिंग नकलच्या भोकात घट्ट दाबलेलं, सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडवलेलं, आणि त्याच्या आतल्या रिंगमध्ये हब तितकाच घट्ट दाबलेला. पुढची सगळी तुलना याच जातीसाठी आहे.

आवाज नक्की बेरिंगचाच आहे ना, तेही एकदा तपासा. ५०-६० च्या वेगाला येणारी घरघर डावीकडे वळताना वाढत असेल तर संशय उजव्या चाकावर, उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्यावर, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो. ही परीक्षा महामार्गाच्या काँक्रीटवर घेऊ नका. तिथे टायरच इतके गुरगुरतात की चांगलं बेरिंगही गेल्यासारखं वाटतं.

किनाऱ्यावरची अडचण वेगळी

बेरिंग बदलण्याचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या हवेतल्या, स्वच्छ गाड्यांवर केलेले असतात. त्यांत बेरिंग बसवण्यावर भर असतो. देवगड-वेंगुर्ल्याच्या गाडीला बसवण्याचं काम सोपं असतं, रडवतं ते काढणं. खारं वारं बारा महिने, वर चार महिने धो धो पाऊस. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीतून नेहमी ये-जा करणाऱ्या गाडीच्या खाली वाकून एकदा बघा, बॉल जॉइंटचा (नकल खालच्या आर्मला जोडणाऱ्या सांध्याचा) नट कुठला आणि गंजाचा पापुद्रा कुठला ते ओळखू येत नाही. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात ज्या गाड्या पाण्याखाली होत्या, त्यांच्या बेरिंगांबद्दल तर बोलायलाच नको. सीलमधून आत शिरलेलं गढूळ पाणी ग्रीसची वाट लावतं.

म्हणून माझं मत आधीच सांगतो : पैसे घालायचे ते बेरिंग काढायच्या हत्यारांवर. बसवायचं यंत्र शेजारच्या गावात भाड्याने मिळतं.

तीन वाटा

पहिली वाट स्लाइड हॅमर आणि स्क्रूच्या किटची. नकल गाडीलाच राहते, त्यामुळे स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉकॲबसॉर्बरच्या खांबाचे) बोल्ट सोडावे लागत नाहीत आणि चाकाची अलाइनमेंट फारशी हलत नाही. हा मोठा फायदा. स्लाइड हॅमर हबच्या चकतीला बोल्टने अडकवायचा आणि त्याचं वजन मागे आपटत हब बाहेर ओढायचा. मग सर्क्लिप काढून किटमधल्या वाट्या आणि लांब स्क्रूने जुनं बेरिंग ओढून काढायचं, आणि त्याच स्क्रूने नवं आत घ्यायचं.

कागदावर छान आहे. गंजलेल्या नकलमध्ये मात्र सगळा जोर त्या एका स्क्रूच्या आट्यांवर येतो. स्वस्त किटमधला स्क्रू मऊ पोलादाचा निघाला तर बेरिंग हलायच्या आधी आटे झिजतात. त्यामुळे किट घ्यायचंच असेल तर वाट्यांची संख्या बघू नका. एकवीस तुकडे असोत की पंचवीस, तुम्हाला त्यातले चारच लागणार आहेत. स्क्रू केवढा जाड आहे, नटाखाली थ्रस्ट बेरिंग (दाब झेलून नट हलका फिरू देणारं) दिलंय का, आणि आपल्या बेरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा एखाद-दोन मिलिमीटरने लहान अशी वाटी त्यात आहे का, एवढं बघा. नव्या बेरिंगचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि मगच ऑर्डर द्या. आट्यांना ग्रीस चोपडून स्क्रू हातानेच फिरवायचा, इम्पॅक्ट (धक्के देत नट फिरवणारं यंत्र) लावायचा नाही.

किटच्या जाहिरातीत एक गोष्ट सांगत नाहीत. हब ओढला की बेरिंगची आतली अर्धी रिंग बहुतेक वेळा हबवरच चिकटून बाहेर येते. ती काढायला वेगळा पुलर तरी हवा, नाहीतर ग्राइंडरने तिला अर्धवट चीर पाडून छन्नीचा एक ठोका. चीर खोल गेली आणि हबला चरा पडला तर नवं बेरिंग तिथे नीट बसत नाही. ग्राइंडरवर हात बसलेला नसेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

दुसरी वाट घरी हायड्रॉलिक प्रेस घेण्याची. ताकदीचा प्रश्नच उरत नाही. २० टनी प्रेससमोर गंजलेलं बेरिंग कुरकुरतं, मोठ्ठा आवाज करतं आणि सुटतं. पण नकल वेडीवाकडी असते, तिला टेबलावर सरळ टेकवायला जाड पट्ट्या आणि ठोकळे लागतात, आणि ती तिरकी बसली तर प्रेसची ताकदच उलटते. कडक पोलादाची रिंग दाबाखाली फुटली की तुकडे उडतात, म्हणून सुरक्षा चष्म्याशिवाय प्रेसजवळ जायचं नाही आणि बरोबर समोर उभं राहायचं नाही. लहान ६ टनी प्रेस बुशिंगला ठीक, गंजलेल्या बेरिंगला तिच्यावर भरवसा ठेवू नका. मोठी प्रेस घ्यावी तर ती ठेवायची कुठे? मांगरात ठेवलेल्या प्रेसचा चकचकीत दांडा पहिल्याच पावसाळ्यात तांबूस होतो, आणि गंजलेला दांडा सील कापतो. एका मारुतीसाठी प्रेस घेणं मला पटत नाही. भावाची, काकांची, शेजाऱ्याची मिळून चार-पाच वाहनं तुमच्याच खळ्यात दुरुस्तीला येत असतील तर गोष्ट वेगळी.

तिसरी वाट निम्मी-निम्मी : नकल घरी उतरवायची आणि हबसकट लेथवाल्याकडे न्यायची. कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण अशा ठिकाणी प्रेस असलेलं वर्कशॉप सापडतंच. तो जुनं बेरिंग काढतो, हबवरची रिंग उतरवतो, नवं दाबून देतो. नकल दुचाकीवरून नेता येते. तोटा असा की स्ट्रटचे बोल्ट सोडावे लागतात. सोडण्याआधी बोल्ट आणि ब्रॅकेटवर खूण करून ठेवली तरी काम झाल्यावर अलाइनमेंट तपासून घ्यावी. आणि लेथवाल्याच्या वेळेवर तुमची गाडी अवलंबून. गणपतीच्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गाड्यांनी गॅरेजं भरलेली असतात, तेव्हा नकल काढून बसलात तर आरतीला चालत जा.

पैशाचा हिशेब सोपा आहे. जवळच्या वर्कशॉपला एका चाकाची मजुरी विचारा आणि किटच्या किमतीला त्या आकड्याने भागा. भागाकार तुमच्या उरलेल्या आयुष्यातल्या बेरिंगांपेक्षा मोठा आला तर किट घेऊ नका.

चौथी वाटही गॅरेजात दिसते : हातोड्याने ठोकून बसवणे. ती वाटच नव्हे. ठोक्याने गोळ्यांचे ठसे आतल्या धावेवर उमटतात आणि नवं बेरिंग लवकरच गुणगुणायला लागतं. लेथवाल्याकडे असाल तेव्हाही नजर ठेवा. बेरिंग नकलमध्ये जाताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर हवा. हब आत जाताना आतल्या रिंगला खालून आधार हवा. हे उलट केलं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, आणि मग एसकेएफ कंपनीचं घेतलं काय नि एनबीसीचं घेतलं काय, सारखंच. एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम न होऊ देणारी यंत्रणा असलेली) गाडी असेल तर बेरिंगच्या एका बाजूला चुंबकीय चकती असू शकते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. ते बेरिंग लोखंडाच्या किसात किंवा चुंबकाजवळ ठेवू नका.

नवं बेरिंग फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्ती खरी आहे. ७० मिलिमीटर व्यासाचं बेरिंग ३० अंशांवरून उणे १८ वर नेलं तर साधारण ०.०४ मिलिमीटरने आकसतं. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट बसणाऱ्या भोकात एवढ्याने फरक पडतो. सुरमईच्या शेजारी ठेवायचं तर पिशवीत घट्ट बांधून ठेवा. आपल्या दमट हवेत बाहेर काढल्याबरोबर त्यावर दव धरतं, ते पुसा आणि लगेच बसवा.

काढायची हत्यारं

ॲक्सल नटासाठी (हबच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटासाठी) ब्रेकर बार (लांब दांड्याचा पाना) की बॅटरीवरचा इम्पॅक्ट? ६० किलोचा माणूस ६० सेंटिमीटरच्या बारच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे ३५० न्यूटन-मीटर जोर लागतो. त्याच बारवर पाइप घालून लांबी एक मीटर केली की ५९० च्या आसपास. इतक्यावर बहुतेक नट हार मानतात, फक्त गोटी (सॉकेट) जाड भिंतीची, सहा कोनी हवी. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. इम्पॅक्टला धक्क्याचा फायदा आहे, गंज धक्क्याने लवकर सुटतो, आणि ब्रेक दाबून धरायला माणूस लागत नाही. वर्षातून दोनदा हत्यार हातात घेणाऱ्याने बार घ्यावा. बॅटरी वापराविना पडून राहिली की मरते. बाराला काही होत नाही. आणि हो, नट सोडण्याआधी त्याची वाकवलेली कड छन्नीने सरळ करा.

बॉल जॉइंट सोडवायला काट्यासारखी पाचर स्वस्त मिळते, पण ती रबरी बूट फाडते. फाटक्या बुटातून पावसाळ्यात चिखल शिरला की पुढच्या वर्षी बॉल जॉइंट. स्क्रूचा सेपरेटर घ्या. सर्क्लिप पक्कड चांगल्या प्रतीची, तापारियासारखी. मऊ टोकं वाकली की गंजलेली सर्क्लिप जागची हलत नाही. गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळीच मारून ठेवा. ब्लो लॅम्प शक्यतो टाळा, आजूबाजूला रबर, ग्रीस आणि ब्रेकची नळी असते. एबीएस सेन्सर गंजून अडकला असेल तर ओढाताण करू नका, प्लॅस्टिक तुटतं. वायर मोकळी करून तो नकलसोबतच राहू द्या आणि लेथवाल्याला दाखवून ठेवा.

जॅक स्टँडमध्ये काटकसर नको. आपली खळी शेणाने सारवलेली किंवा जांभ्याच्या मातीची, पावसाने भुसभुशीत. स्टँडचा पाय आत रुततो आणि गाडी कलंडते. खाली जाड फळी घाला, पत्रा नव्हे.

शेवटचं हत्यार टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोराने आवळणारा पाना. अर्ध्या इंचाची साधी रेंच साधारण २०० ते २१० न्यूटन-मीटरपर्यंत जाते. आपल्या गाडीच्या ॲक्सल नटाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. तो याच्या वर असेल तर मोठी रेंच लागेल, नाहीतर फक्त हा एक नट गॅरेजवाल्याला घरी बोलावून आवळून घ्या. इम्पॅक्टने अंदाजाने आवळायचा नाही. नट नवा घ्या. तो पुरता आवळेपर्यंत चाक जमिनीला टेकवून गाडी ढकलायचीसुद्धा नाही, बेरिंगच्या दोन रिंगा विलग होऊन ते बसवल्या दिवशीच खराब होतं.

एकच मारुती असेल आणि लेथवाला तासाभराच्या अंतरावर असेल तर ब्रेकर बार, गोट्या, सेपरेटर, सर्क्लिप पक्कड, दोन स्टँड आणि टॉर्क रेंच घ्या, बाकी त्याच्यावर सोपवा. वर्कशॉप लांब असेल किंवा गाडी दिवसभरही बंद ठेवता येत नसेल तर जाड स्क्रूचं किट आणि स्लाइड हॅमर. इकोच्या मागच्या बेरिंगला, ते ॲक्सलवर दाबलेलं असल्याने, हे किट उपयोगाचं नाही. तिचा ॲक्सल काढून थेट लेथवर न्या. काम मे महिन्यात उरका. मिरग लागला की उघड्या खळ्यात ग्रीस उघडं टाकता येत नाही, आणि वीज गेली की लेथवाल्याचाही इलाज चालत नाही.